तीन किडकी वांगी आणि माझा पगार

मला नोकरी लागली ती तीन किडक्या वांग्यांमुळे. शिक्षण, अनुभव, नशीब वगैरेंचा वाटा असेलच, पण तो वांग्यांनंतर.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना तोंडावर सांगायच्या, हा माझा पोटापाण्याचा धंदा. (माझा नवरा प्रशांत म्हणतो, हे काम तू घरी फुकटही करतेस.) आठ वर्षं केलं. मग एका सोमवारी कंपनीने आमच्या अख्ख्या टीमला दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर बोलावलं, भरभरून आभार मानले आणि घरी बसवलं. आम्ही कॉलला घरूनच बसलो होतो, त्यामुळे जाण्याचा खर्च वाचला.

पुढची दोन वर्षं मी सासूबाईंबरोबर भाजी विकली. नायगावात आम्ही ज्या टॉवरमध्ये राहतो, तिथे पूर्वी सासरचं खाडीलगतचं भातशेत होतं. शेत गेलं, चौदाव्या मजल्यावर फ्लॅट आला, पण आईंचा बाजार काही सुटला नाही. पहाटे गिरीज गावातल्या भाजीच्या वाड्यांमधून माल आणायचा आणि अकराच्या आत स्टेशनाजवळ विकून मोकळं व्हायचं. त्यांची एक विचित्र सवय होती. किडकी भाजी त्या फेकायच्या नाहीत आणि लपवायच्याही नाहीत. टोपलीच्या पुढ्यात, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर मांडून ठेवायच्या! मी मनात म्हणायचे, या बाईंना मार्केटिंग अजिबात कळत नाही.

सोसायटीतल्या बायकांना मात्र मी सांगून ठेवलं होतं की माझं घरून काम चालू आहे. बाजारात मी तोंडाला ओढणी बांधून बसायचे. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. आणखी एक वर्ष असंच गेलं की मला कोणी दारातही उभं करणार नाही, असं वाटायचं. मुलाखती तीन दिल्या आणि तिन्ही वेळा पगाराच्या प्रश्नावर आपटले. पहिल्या ठिकाणी विचारलं, "अपेक्षा किती?" मी म्हणाले, "तुम्ही द्याल ते." त्यांनी खरोखरच ते द्यायची तयारी दाखवली, आणि तेवढ्यात माझा जाण्यायेण्याचा पासही निघाला नसता! दुसऱ्या ठिकाणी मी आकडा सांगितला आणि लगेच स्वतःच विचारलं, "जास्त होतंय का?" तिसऱ्या ठिकाणी नुसतीच रडले.

चौथी कंपनी अंधेरीची, घरपोच भाजी देणारं ॲप बनवणारी. परीक्षेच्या दोन्ही फेऱ्या मी पार केल्या आणि उरली फक्त तिथल्या मोठ्या मॅडमबरोबरची शेवटची फेरी, पगाराची! तेव्हा प्रशांतने सूत्रं हातात घेतली.

प्रशांत वालीवला प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने आयुष्यात एकही मुलाखत दिलेली नाही (काकांनी चिकटवलं), पण मुलाखत कशी द्यावी यावरचे मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ त्याने पाहिलेले आहेत.

"पहिला नियम," तो म्हणाला, "खरं बोलायचं नाही."

"अरे, पण..."

"दोन वर्षं काय केलंस? स्वतंत्र सल्लागार होतीस. शेवटचा पगार किती?"

"सहा लाख वर्षाला."

"आठ! आणि अपेक्षा नऊ. शिवाय दुसरी ऑफर हातात आहे."

"कुठली?"

"असं कोणी विचारत नाही गं!"

मी म्हणाले, "त्यांच्या ॲपमध्ये चुका आहेत, त्या सांगू का? बाजारात बसून मी ते वापरून बघायचे. अकरा चुका लिहून ठेवल्यात वहीत."

प्रशांतने कपाळाला हात लावला. "नोकरी मागायला जातेस की भांडायला? कंपनीची फक्त स्तुती करायची."

माझ्या लक्षात राहणार नाही म्हणून त्याने कारखान्यातून बादल्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले आणि त्यावर मार्करने एकेक उत्तर लिहिलं. लॅपटॉपच्या मागे उभा राहून तो एकेक पुठ्ठा धरणार आणि मी वाचणार. मध्येमध्ये सूचनांचेही पुठ्ठे होते: 'हसत राहा', 'थोडं थांबा, पाणी प्या'. बातम्या देणाऱ्या बायका असंच करतात म्हणे.

बुधवारी दुपारी बाराला कॉल. मी हॉलची सगळी दारं-खिडक्या लावून बसले. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली घरातली सलवार. आई बाजारातून येऊन एका कोपऱ्यात उरलेली वांगी निवडत बसल्या होत्या. त्यांना सक्त ताकीद दिली होती की एक शब्द बोलायचा नाही.

मॅडम पडद्यावर आल्या आणि हसून म्हणाल्या, "मराठीतच बोलूया ना? मी साताऱ्याची." मला एकदम बरं वाटलं. पहिले दोन पुठ्ठे झकास गेले. मी स्वतंत्र सल्लागार झाले. कंपनीची एवढी स्तुती केली की मॅडमनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आई उठल्या. बोलायचं नव्हतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत. जीव गुदमरला म्हणून त्यांनी फक्त खिडकी उघडली. चौदावा मजला, समोर खाडी! वारा असा आत घुसला की प्रशांतच्या हातातले पुठ्ठे हॉलभर उडाले. एक पंख्याला लागून परत आला. प्रशांत टेबलाखाली, सोफ्यामागे, टीव्हीमागे रांगत ते गोळा करत होता आणि मी पडद्याकडे बघून हसत होते.

मॅडमनी विचारलं, "मागची नोकरी का सुटली?"

प्रशांतने हाताला येईल तो पुठ्ठा वर केला. आता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी आज्ञाधारक जातीची, समोर दिसेल ते वाचते.

"हसत राहा," मी म्हणाले.

"हं?" मॅडम बुचकळ्यात पडल्या. "बरं. तुमची एखादी कमजोरी?"

"नऊ लाख."

प्रशांत घाईघाईने पुढचा पुठ्ठा काढत होता.

"तुम्ही ठीक आहात ना?" मॅडमनी काळजीने विचारलं.

"थोडं थांबा, पाणी प्या!"

आणि त्या खरंच प्यायल्या! बिचाऱ्यांनी बाजूची बाटली उचलून दोन घोट घेतले. आता प्रशांतला घाम फुटला आणि त्याने सगळ्यात मोठा पुठ्ठा वर धरला. मी तो घडाघडा वाचला: "माझ्याकडे दुसरी ऑफर आहे."

"अच्छा! कुठली?"

प्रशांतने मान खाली घातली. असं कोणी विचारत नाही, म्हणून पुठ्ठाच नव्हता. मी हॉलभर नजर फिरवली. सोफा. टीव्ही. आईंची टोपली.

"व्हांगी," मी म्हणाले. "व्हांगी टेक."

"कधी ऐकलं नाही. कुठे आहे ही कंपनी?"

"नायगावला. ईस्टला."

"माझ्या वांग्यांना कशाला मधी घेतेस गं?" कोपऱ्यातून आवाज आला.

आई उठल्या. मी टेबलाखालून हात हलवला, प्रशांतने दोन पुठ्ठे आडवे धरले, पण भातशेतात उभं आयुष्य गेलेली बाई पुठ्ठ्यांना थोडीच अडते! टोपली कमरेवर घेऊन त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर अर्ध्या भागात मी, उरलेल्या भागात वांगी.

"बाई, हिची सासू मी," आई मॅडमना म्हणाल्या. "ही कुठं सल्लागार नव्हती. कंपनीनं काढली तिला, सगल्यांबरोबर. दोन वर्सं माझ्यासंगं भाजी विकते. पगार सहा लाख होता. दुसरी ऑफर नाय. पहिलीच तुमची हाय."

मला वाटलं, आता इमारत खचून आपण पुन्हा भातशेतात जाऊ तर बरं. दोन वर्षं झाकून ठेवलेलं सगळं आईंनी एका दमात साताऱ्याच्या मॅडमपर्यंत पोचवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रशांत सोफ्यामागून बाहेर यायला तयार नव्हता.

मॅडम पुढे झुकून म्हणाल्या, "काकू, वांगी काय भाव?"

"साठ रुपये किलो."

"पन्नासला द्या."

"नाय."

"अहो, वरचीच तीन किडकी दिसतायत!"

"ती दाखवायलाच ठेवली. वजनात नाय धरली. किडकं पयलं आपन काढून दाखवायचं. मंग उरलेल्याला नाव ठेवायला गिऱ्हाइकाकडं काय राहत नाय. भाव साठच." मग आई माझ्याकडे वळल्या. "आनि तुझं कामच, मुली, दुसऱ्याच्या मालातलं किडकं शोधायचं. मंग सोताचं कशाला झाकतेस?"

मॅडम हसायला लागल्या. "बोला," त्या मला म्हणाल्या. "तुमचं किडकं दाखवा."

आता झाकायला उरलं काय होतं? मी डोळे पुसले आणि सांगून टाकलं. कामावरून काढलं हे खरं. दोन वर्षांत आलेली नवी साधनं मला येत नाहीत, शिकायला तीन महिने लागतील. पगाराचं बोलायची वेळ आली की मला रडू येतं. आणि मघाशी जी तुमची स्तुती केली, ती पुठ्ठ्यावरची होती.

"पुठ्ठ्यावरची?"

प्रशांतने उठून नमस्कार केला.

"तुमच्या ॲपमध्ये अकरा चुका आहेत," मी म्हणाले आणि वही काढली. हातात वही आणि तोंडात दुसऱ्याच्या चुका, हे माझं मैदान! अर्धा किलो वांगी निवडून नंतर एक किलो केली की ॲप पैसे अर्ध्याचेच घेतं. भाजीवर कोथिंबीर फुकट मिळते, पण मागवलेली भाजी रद्द केली तरी कोथिंबीर घरी येतेच. (आमच्या टॉवरमधल्या एका बाईंनी महिनाभर कोथिंबीर विकत घेतलेली नाही.) पाचव्या चुकीला मॅडमनी पेन उचललं. नवव्या चुकीला त्यांनी आणखी एका माणसाला कॉलवर बोलावलं. अकरावी सांगून झाल्यावर तो माणूस कोणाला तरी फोन लावत घाईघाईने निघून गेला.

"आता सांगा," मॅडम म्हणाल्या, "अपेक्षा किती?"

शेवटचा पगार सहा होता हे आता त्यांना माहीत होतं. पुठ्ठ्यावर नऊ होते. आईंनी पायाच्या अंगठ्याने मला टोचलं. रोज सकाळी गिऱ्हाइकाकडे न बघता भाव सांगणाऱ्या आई मला आठवल्या.

"दहा लाख," मी म्हणाले.

सोफ्यामागे काहीतरी पडलं. तो प्रशांत होता.

"नऊ," मॅडम म्हणाल्या.

'चालेल' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला. आईंनी निमूट माझ्या हातात एक वांगं दिलं. बाजारात भाव सांगून झाला की त्या असंच करतात, मान खाली घालून भाजी निवडत राहतात. मी ते वांगं फिरवून फिरवून बघायला लागले. देठ बघितलं. खालून बघितलं.

"साडेनऊ."

मी वांगं कुर्त्याला पुसलं.

"बरं बाई, दहा!" मॅडमनी हात जोडले. "ठेवा आता ते वांगं खाली!"

मी आनंदाने ओरडणार, तोच आई पडद्यात पुढे सरसावल्या. "आनि वर कोथमीर काय देनार?"

"कोथिंबीर?"

"पोरीला रोज अंधेरीपरयंत दमवू नका. आठवड्याला दोन दिवस घरून काम."

मिळालं! लेखी मिळालं! कॉल बंद झाला आणि आम्ही तिघांनी हॉलमध्ये फेर धरला. आईंनी संध्याकाळी त्या वांग्यांचं भरीत केलं. आयुष्यात इतकं चविष्ट भरीत मी खाल्लेलं नाही. जेवताना प्रशांतने हळूच हिशेब मांडला: खरं बोलून दहा मिळाले, आणि आपण खोटं बोलून नऊ मागणार होतो. म्हणजे आम्हाला धड खोटंही बोलता येत नव्हतं, एक लाखाने कमी बोलत होतो!

त्याचे पुठ्ठेही वाया गेले नाहीत. आईंनी त्यांच्या कोऱ्या बाजूवर भाव लिहून टोपल्यांवर लावले. परवा एक गिऱ्हाईक वांग्यांवरून बराच वेळ घासाघीस करत होतं. वाऱ्याने पुठ्ठा उलटला, 'माझ्याकडे दुसरी ऑफर आहे' असं त्याने वाचलं आणि मुकाट्याने साठ रुपये मोजले.

कंपनीत आता माझं चांगलं नाव आहे. पगाराची बोलणी कशी करावी, हे नवीन मुली मला विचारायला येतात आणि मी अगदी तोऱ्यात सांगते. फक्त रविवारी पहाटे साडेपाचला आई मला उठवतात आणि बाजारात नेऊन टोपलीमागे बसवतात. "भाव मी सांगते, तू फक्त किडकं शोध," म्हणतात. म्हणजे टेस्टिंगच. गेलं वर्षभर करतेय, बिनपगारी. मागायची हिंमत अजून झालेली नाही.