अप्पांच्या उतारावरची हिरवळ

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडळाच्या बैठकीत होतो. नाते गावाजवळच्या आमच्या वाडीचं हे मुंबईकर मंडळ, आणि मी त्याचा चिटणीस. अप्पा म्हणजे माझे सख्खे काका. सकाळचा चहा पिऊन पडवीत टेकून बसले, ते उठलेच नाहीत. तिथल्या तिथे शोकठराव झाला आणि पाठोपाठ दुसरा : अप्पांच्या नावाने वाडीत उद्यान करायचं. पहिला हात मी वर केला. त्या हाताचा मला अजून राग येतो.

अप्पांनी नोकरीची सगळी वर्षं महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीच्या बंगल्यावर माळीकाम केलं. उन्हाळ्यात वाडीची विहीर तळाला जायची आणि अप्पा तिथे हिरवळीला दोन वेळा पाणी मारायचे. निवृत्त होऊन आले ते हाच संताप घेऊन. "ज्या गवताला गाय तोंड लावत नाय, त्याला पाणी पाजत म्हातारा झालो रे," म्हणायचे.

मग घरांच्या वरचा उतार त्यांनी हाती घेतला. पावसात तिथून लाल चिखल थेट चुलीपर्यंत यायचा. दरड म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ती कशी थोपवायची ते शिकवावं लागतं. अप्पांनी शाळेतल्या पोरांसमोर मातीचे दोन ढीग केले, एक बोडका, एक गवत लावलेला, आणि दोन्हींवर तांब्याने पाणी ओतलं. एकाखालून गढूळ लोंढा आला, दुसऱ्याखालून निवळ धार. पोरांनी तोच खेळ घरी आयांना करून दाखवला. त्यानंतर घरटी एक माणूस उतारावर यायला लागला. आडव्या ओळींत वाळ्याचं गवत, मधे निरगुडी, करवंदी, कडेला बांबू... चार-पाच पावसाळ्यांत चिखल थांबला. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतूनही माणसं बघायला यायची आणि जाताना वाळ्याचा गड्डा घेऊन जायची. अप्पांचं बोलणं मात्र फटकळ. कुणी दारात शोभेचा पाम लावला की म्हणायचे, "जावई हाय हा. खातो-पितो, सावलीपण देत नाय."

ते गेल्यावर आठवड्याभरात कुणीतरी उताराचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. उन्हाळ्यात वाळा पिवळा पडतो, करवंदीच्या जाळ्या अंगावर येतात. आम्हा मुंबईकरांना ते माजलेलं रान दिसलं. 'अप्पांच्या नावाला शोभेल अशी साफसफाई करा,' हे मीच लिहिलं. जेसीबीने दोन दिवसांत सगळं खरवडलं. वर पेव्हर ब्लॉक, गुंडाळून आणलेली हिरवळ, चार पाम आणि ग्रॅनाइटवर अप्पांचं नाव. वाडीतल्या बाया जेसीबीपुढे उभ्या राहिल्या होत्या म्हणे. 'मुंबईहून ठरलंय' एवढं ऐकवून त्यांना बाजूला केलं. ज्यांना उतार कळत होता त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ज्यांनी ठरवलं ते पावसात तिथे झोपत नाहीत. लाज वाटते म्हणणं सोपं आहे. मला चीड येते, आमची सगळ्यांची.

परवा, मे महिन्याच्या अखेरीस, उद्घाटन झालं. 'पर्यावरणप्रेमी' हा शब्द प्रत्येक भाषणात आला. मला ऐकवेना. मी खाली उतरलो. उताराखालचं पहिलंच घर काकीचं. ती न्हाणीमागे होती. तिथल्या सांडपाण्यावर अप्पांनी वाळ्याचं बेणं राखलं होतं, भर उन्हातही हिरवंगार. रोज सकाळी दात घासत ते तिथेच उभे असायचे, एकेक गड्डा हलवून मूळ धरलंय का बघत. काकी कोयत्याने तेच गड्डे फोडत होती.

"काकी, चूक झाली," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "मूळ खोल जायला तीन पावसाळे लागतात याला," ती म्हणाली. "यंदाच्या पावसाला काय सांगशील रे? मंडळाचा ठराव हाय म्हणून?"