मांडीवरची पेटी

गाडीतले लोक तिला पेटीताई म्हणत. राहायचं बंदराच्या गावात आणि नोकरीला जायचं दीड तासावरच्या राजधानीत, असं तिचं अकरा वर्षं चाललं होतं. राजधानीतल्या मोठ्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासायची. बंदराच्या दवाखान्यात अवघड तपासण्यांची यंत्रं नव्हती. तिथले डॉक्टर एकदा सहज म्हणाले होते, "ताई, जाताच आहात तर एवढ्या नळ्या न्याल?" ते 'जाताच आहात तर' तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. पगारात त्याचा उल्लेख नाही, पण तिनं कधी कुरकुर केली नाही. देवानं आपल्याला रिकाम्या हातानं प्रवास करू दिला नाही, असं ती मानायची.

त्या दिवशी पेटीत दोनच नळ्या होत्या. एक शेजारच्या क्रेनवाल्याच्या रक्ताची, एक त्याच्या थोरल्या भावाची. थोरला आपलं एक मूत्रपिंड धाकट्याला देणार होता आणि दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतंय का, एवढंच बघायचं राहिलं होतं. यंत्रावर नऊची पाळी मिळाली होती. ती चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी. आणि तीन आठवडे क्रेनवाल्याजवळ नाहीत, हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं होतं. पहाटे पेटीताई दाराला कुलूप लावत होती तर ती बाई जिन्यात उभी.

"ताई, जपून न्या हं."

"अगं, आजवर कधी सांडलंय का काही?"

बोलून गेली खरी, पण लगेच जीभ चावली. असलं बोलू नये.

गाडीत समोरच्या बाकावर नेहमीप्रमाणे मासेवाली मावशी होती. राजधानीतल्या ठरलेल्या घरी मासे पोचवणारी, आवाजानं डबा दणाणून सोडणारी. तिच्या दोन मोठ्या पेट्या दारापाशी आणि एक छोटी पायाशी. ती छोटी पेटी आणि पेटीताईची पेटी अगदी जुळ्या बहिणी: पांढरं अंग, निळं झाकण. गोदीच्या फाटकाजवळच्या एकाच दुकानातून घेतलेल्या. एरवी पेटीताईच्या पेटीवर दवाखान्याची चिठ्ठी असे. आदल्या दिवशी धुताना ती निघाली होती आणि उद्या चिकटवू म्हणून राहिली होती.

"मांडीवर कशाला घेऊन बसलीस? ठेव की खाली. तिला काय पाय फुटणारेत?" मावशी म्हणाली.

गुडघे दुखत होते. पेटीताईनं पेटी बाकाखाली सरकवली. मावशी सुनेचं काहीतरी सांगू लागली. पेटीताई डोळे मिटून "हं... हं..." करत राहिली. ही तिची जुनी युक्ती. मावशी बोलायची, हिची झोप व्हायची, दोघी खूश.

राजधानी आली तशी धावपळ उडाली. पेटीताईनं वाकून निळं झाकण दिसलं ते उचललं आणि निघाली.

आठ वाजून दहा मिनिटांनी तिनं प्रयोगशाळेत झाकण काढलं. बर्फावर दोन मासे शेजारी शेजारी पडले होते आणि तिच्याकडेच बघत होते.

मोठ्या मॅडम मागे उभ्याच होत्या. "हे काय? आज यांचं रक्त जुळवायचंय का?"

"गाडीत मासेवालीशी पेटी बदलली," पेटीताई म्हणाली.  जिन्यात उभी असलेली ती बाई डोळ्यांपुढे आली. देवा, माझ्या हातून नको, एवढंच ती मनात म्हणाली आणि माशांची पेटी तिथंच टाकून वळली.

"फोन करा ना त्यांना," मॅडम ओरडल्या.

फोन! तीन फोन माशांच्या टबात बुडवल्यावर मावशीनं फोनचं नावच टाकलं होतं. अकरा वर्षं समोरासमोर बसून ती कुठं कुठं जाते हेसुद्धा हिनं धड विचारलं नव्हतं. जिना उतरताना ती मावशीची अकरा वर्षांची बडबड आठवू लागली. झोपेत कानावर पडलेलं काही तरी हाती लागेल. काटे मोजून घेणारी एक म्हातारी... पहिलं गिऱ्हाईक तेच, छोटी पेटी तिच्यासाठीच... जजसाहेबांची बायको. पोस्टामागची गल्ली. आणि पोपट! "मेला मला बघितलं की ओरडतो, आली गं आली!"

रिक्षा पोस्टामागे थांबली तेव्हा साडेआठ झाले होते. गल्लीत दोन्ही बाजूंना सारख्याच गॅलऱ्या. कुठंही पोपट दिसेना. पेटीताई या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. पदर सुटला, चपलेचा अंगठा तुटला, तशीच फरफटत परत फिरली. शेवटी एका दूधवाल्यानं बोट दाखवलं.

जजसाहेबांच्या बायकोनं दार उघडलं. पेटीताईनं मासेवालीचं विचारलं. "मावशी का? बाई, आज तर भलतंच झालं. मावशीनं इथं पेटी उघडली, आत काचेच्या नळ्या! किंचाळलीच ती. बाकीच्या पेट्या माझ्या दारात टाकल्या आणि पळत सुटली."

"कुठं?"

"ते मला नाही सांगितलं."

दारातल्या मोठ्या पेट्यांखालून पाण्याचा ओघळ जिन्यावर उतरत होता. पेटीताईचा फोन प्रयोगशाळेतच राहिला होता. तिनं तिथलाच फोन मागून घेतला. मॅडमना कळवायलाच हवं होतं. पाळी दुसऱ्या कुणाला तरी द्या, हे वाक्य तिनं मनात जुळवून ठेवलं होतं.

"अहो, आहात कुठं तुम्ही?" पलीकडून मॅडम कडाडल्या. "इथं एक बाई पेटी मांडीवर घेऊन बसलीय. तिसऱ्या मजल्यावर, बरोब्बर आमच्या दारात. सोडायला तयार नाही. ताईच्याच हातात देणार म्हणते. शिपाई गेला तर त्याला म्हणाली, हात लाव, मग बघते!"

आठ सत्तेचाळीस. इथून परत जायला वीस मिनिटं.

मागच्या वर्षी प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर गेली तेव्हा पेटीताईनं गुडघ्यांचं रडगाणं एकदाच गाडीत गायलं होतं. मावशीनं ते ध्यानात ठेवलं होतं.

"तिला द्या फोन."

"कोण?" मावशीचा संशयी आवाज आला.

"मावशी, मी. त्या मॅडमना द्या पेटी. लवकर!"

"कशावरून तू ताईच? फोनवर काय, कुणीही बोलेल. यात कुणाचं तरी रक्त आहे, मी अशी देणार नाही."

"अहो मावशी, नऊला पाळी आहे!"

"मग सांग. आज गाडीत मी सुनेचं काय सांगितलं?"

पेटीताईनं डोळे घट्ट मिटले. सून. सुनेचं काय? भांडण? माहेर? नोकरी? भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. एखादं उत्तर ठोकून द्यावं असं क्षणभर वाटलं. चुकलं असतं तर मावशीनं फोन आपटला असता आणि पेटी आणखी घट्ट धरली असती. खोटं बोलायचा धीरही होईना.

"नाही ऐकलं मी," ती म्हणाली. "मावशी, मी झोपले होते. नुसतं हं-हं करत होते. रोजच करते. माफ करा मला."

 पलीकडून मावशीचं ते डबा दणाणून सोडणारं हसणं आलं.

"हां! मग तूच. डोळे मिटून हं-हं करणारी दुसरी कोण? घ्या हो मॅडम, घ्या. ही आमचीच आहे."

नळ्या यंत्रात गेल्या तेव्हा नऊला चार मिनिटं कमी होती. पेटीताई पोचली तर मावशी अजून दारातच बसली होती. मांडीवर आता माशांची पेटी.  तिला बघून मावशी म्हणाली, "माझ्या मोठ्या पेट्यांतला बर्फ तिकडं वितळला असेल बघ," आणि पेटी काखेत मारून जिना उतरू लागली.

दुपारी निकाल आला. भावाभावांचं जुळलं होतं. पेटीताईनं बंदरावर फोन केला. क्रेनवाल्याची बायको नुसती रडत राहिली. फोन ठेवून पेटीताई कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून तिनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पेटीवर दोन्ही बाजूंना चिठ्ठ्या होत्या आणि पेटी मांडीवर होती. गुडघे दुखत होते, दुखू देत. गाडी सुटली. पेटीताई ताठ बसली, डोळे उघडे ठेवून.

"मावशी, सुनेचं काय म्हणत होतात?"

मावशीनं आधी तिला नीट न्याहाळलं, खरंच जागी आहे ना म्हणून. मग सरकून जवळ आली.

"पहिल्यापासून सांगू?"

"पहिल्यापासून."

"तिला पाचवा महिना लागलाय गं," मावशी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.