चालकाच्या हाताळणीमुळे

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीच्या छायाचित्रात माझ्या गळ्यात हार आहे आणि हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली. पुण्याच्या त्या शोरूममध्ये गाडीवरचे रेशमी आच्छादन सरकताना टाळ्या वाजवण्यासाठी चार कर्मचारी उभे केलेले होते. पन्नाशी उलटलेला, टॉवेलचा कारखाना चालवणारा, घरात कधी आवाज न चढवणारा मनुष्य त्या भाड्याच्या टाळ्यांनी सुखावला, हे आधीच नोंदवतो. पुढे जे घडले त्यात यंत्राच्या दोषाहून ह्या सुखावण्याचा दोष मोठा होता.

गाडी चालवायला मामा होते. माढ्याकडचे, वयाने माझ्याहून थोरले. वडिलांच्या काळापासून आमच्या गाड्या त्यांच्याच हाती. मी त्यांना मामा म्हणे, ते मला मालक. गाडी येऊन पंधरवडाही झाला नसेल, मी ती सोलापुरातल्या गजबजलेल्या नवी पेठेत न्यायला सांगितली. तिथे मला काहीही विकत घ्यायचे नव्हते.

"मालक, तितं रिक्षा वळत न्हाय, ही कुटं वळंल?"

वळवायची नव्हतीच, दाखवायची होती. कापडदुकानांसमोरच्या ऐन गर्दीत पडद्यावर पिवळे चिन्ह उमटले, गिअर आपोआप सुटला आणि गाडी जागीच उभी राहिली. मागे रिक्षांची रांग लागली. शेवटी सहा-सात जणांनी ढकलून ती कडेला घेतली. त्यातला एक हमाल घाम पुसत माझ्या काचेशी वाकला. "शेठ, येवढी भारी गाडी घेतलीसा, ढकलायला मानसं बी कंपनीकडनंच घ्यायची की."

पुढे हे नेमाने होऊ लागले. ऊन तापलेले असले आणि गाडी सावकाश चालली की गिअर सुटे. दर वेळी ती ट्रकवर चढून पुण्याला जाई आणि आठवड्याने धुऊन, पुसून, सुगंध मारून परत येई. सोबत कागद असे : दोष आढळला नाही. एवढ्या लांबच्या धोब्याकडे सोलापुरातून दुसरे कोणी काही धाडत असेल असे वाटत नाही. मी तक्रार करी ती फोनवर, आर्जवी शब्दांत. लेखी तक्रारी स्कूटर घेणाऱ्यांनी कराव्यात, आपल्यासारख्यांचा नुसता शब्द पुरतो, असा आमच्या वर्तुळातला समज. तिकडची मुलगी फोन ठेवताना विनवी, "सर, सर्व्हेमध्ये दहापैकी दहा द्या ना, नाहीतर आम्हाला बोलणी बसतात." मी दहा देई. रस्त्यात बंद पडणाऱ्या गाडीला मी पाच वेळा दहापैकी दहा दिले.

सहाव्या वेळी मी स्वतः पुण्याला गेलो. कातडी सोफा, फेसाळ कॉफी, बशीत बिस्किटे. बिस्किटे उत्तम होती. त्या इमारतीत बिघाड नसलेली तेवढीच एक वस्तू मला आढळली. व्यवस्थापक माझ्या मुलाच्या वयाचा होता.

"सर, गाडी परफेक्ट आहे. तुमचे ड्रायव्हर जुने आहेत ना? हात जुन्या गिअरला बसलेला असतो त्यांचा."

"असेलही," मी म्हणालो.

"मग इथे एक सही करा. गिअरचा एक भाग आम्ही खास तुमच्यासाठी फुकट बदलून देतो. वरच्या ऑफिसला कारण दाखवावं लागतं, एवढंच."

कागदावर लिहिले होते : चालकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे. 'खास तुमच्यासाठी' हे शब्द माझ्या कानात होते. मी सही केली.

एखादे असत्य कागदावर उतरले की त्याप्रमाणे वागावे लागते. परत आल्यावर मी मामांना त्या कागदात काय लिहिले आहे ते सांगितले आणि म्हटले की आता तुम्ही विश्रांती घ्या. "सही तुमी केलीसा?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. "मग झालं की," असे म्हणून त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते गावी निघून गेले. ते गावात पोचण्याआधीच बातमी पोचली होती : मामांनी मालकाची गाडी मोडली.

महिन्याभरात तीच गाडी माझ्या हाताखाली, सात रस्त्याच्या चौकात, त्याच पिवळ्या चिन्हानिशी उभी राहिली. त्या दिवशी मी मामांकडे जायला हवे होते. मी वकिलाकडे गेलो.

जुळे सोलापुरातल्या एका सदनिकेत पुढच्या खोलीत कार्यालय थाटलेली ती तरुण वकील माझे कागद चाळत होती. "काका, दोष कारखान्यातला असेल आणि दुरुस्त होत नसेल तर गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. ग्राहक आयोग गाडी तपासायलाही पाठवू शकतो. पण तुमची एकही लेखी तक्रार नाही. आहे काय, तर दहापैकी दहा, आणि ही सही. तुम्ही गाडी घेतलीत की त्यांची एजन्सी?" मग तिने विचारले, गाडी बंद पडताना दर वेळी आत कोण होते?

मी एसटीने गेलो. मामा अंगणात बाजेवर बसले होते. मी क्षमा मागितली आणि त्याच दमात प्रतिज्ञापत्रही मागितले. ही घाई आठवली की आजही लाज वाटते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"मी लिहून दीन की. गाडी कवा कवा थांबली, समदं ध्येनात हाय. पर पयलं तुमी लिहा, की ती सही खोटी हुती. हितं लोकं मला अजून इचारत्यात, काय मामा, किती मोडल्या?"

वकीलबाईंनी मला सावध केले. आपली सही खोटी म्हणणाऱ्याची दुसरी सही कोण मानेल, असा प्रश्न येणार. मी तरी लिहून दिले : चालकाचा दोष नव्हता, हे मला ठाऊक होते, सवलतीच्या मोहाने मी सही केली.

आयोगापुढे तो प्रश्न आलाच. कंपनीच्या वकिलाने दोन्ही कागद शेजारी धरले आणि गोड हसत विचारले की तक्रारदार महाशय नेमके कोणत्या दिवशी खरे बोलतात. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मागच्या बाकावर मामा टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

"तेव्हा खोटं लिहिलं, साहेब," मी म्हणालो. "फुकट मिळत होतं म्हणून."

हसू आले ते त्या वकिलाला नव्हे, इतरांना.

आयोगाने गाडी अभियांत्रिकी महाविद्यालयात तपासायला पाठवली. गिअरच्या नियंत्रणातला दोष मुळातला निघाला आणि कंपनीला गाडी परत घ्यावी लागली. आदेशातल्या एका ओळीत लिहिले होते : चालकाच्या हाताळणीचा दोष दिसून येत नाही. त्या ओळीखाली रेघ ओढून मी प्रत मामांकडे नेली. त्यांनी नातीकडून ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. चावडीवर न्यायचा होता.

"अन् तो दुसरा, खोट्या सहीचा? फाडला का?"

"तो फाइलीत आहे, मामा. तो आता फाडता येत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तो तुमचा हाय."

परत कामावर या, असे म्हणायला मी तोंड उघडले होते. ते मिटून मी एसटीच्या थांब्याकडे निघालो.