काकूंचं बोट

आमच्या शेजारच्या काकू पांढुर्ण्यात कोणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरतात. दही असो की भिजवलेली डाळ, बोट लावून चाखतात आणि एका शब्दात निकाल देतात. ‘आंबट.’ ‘फिकं.’ आमच्या घरच्या कशालाच त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. मला ती सवय खटकायची, आणि त्या नेमकं काय शोधतात याचं कुतूहलही वाटायचं.

बाळ महिन्याचं असताना माझ्या डाव्या छातीत दुधाची गाठ झाली. हात लावू देईना इतकी टणक. सासूबाई म्हणाल्या, “तुंबलेलं दूध नासते. त्या बाजूनं नको पाजू.” बाळ रडत होतं, आणि मी वाटीत थोडं दूध काढून बसले होते. तेवढ्यात काकू आल्या.

“काऊन नाही पाजून राहिली?”

सासूबाईंनी कारण सांगितलं. काकूंनी वाटीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

“गोड हाय. पाज लेकराले.”

मी बाळाला त्याच बाजूला घेतलं. ते ओढत गेलं तशी गाठ हळूहळू मऊ पडायला लागली.

तोवर काकू स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. आतून आवाज आला, “वरणात मीठ कमी हाय.”