चार मीटरचं वर्तुळ

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. शेतात मोजणीला जाते तेव्हा मला सापांची भीती वाटते, कठडा नसलेल्या विहिरींची वाटते, आखाड्यावरच्या, म्हणजे शेतवस्तीवरच्या, कुत्र्यांची तर वाटतेच. पण त्या दिवशी जे भ्याले, त्यापुढे हे सगळं काहीच नाही.

हिंगोलीत नकाशे काढणाऱ्या एका लहानशा ऑफिसात मी काम करते. पाण्याची पाइपलाइन जिथून न्यायची, त्या वाटेवर बांधाच्या प्रत्येक कोपऱ्याला जायचं आणि मोबाईल धरून गुमान उभं राहायचं. स्क्रीनवर आपल्याभोवती एक निळं वर्तुळ दिसतं. आपण त्यात कुठेतरी आहोत, एवढंच मोबाईल सांगतो. ते आकसत चार मीटरवर आलं की बटण दाबायचं आणि नोंद लिहायची: विहीर, खांब, हद्दीचा दगड. मग ऑफिसात बसून हे ठिपके जोडायचे. पिकातून चर खणू द्यायला कुणी तयार नसतं, म्हणून आमची रेघ बांधाबांधानं, दगडावरून दगडावर जाते.

साखऱ्याच्या शिवारातली रेघ मीच आखली होती. ती मंजूर झाली तेव्हा दोन दिवस मी ऑफिसात मान ताठ करून फिरले. खोदाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी जवळा बाजार गावाजवळ दुसऱ्या कामावर होते. सकाळची वेळ. बांधावर चुना लावलेला एक दगड दिसला. वर्तुळ काही लहान होईना, म्हणून मी त्या दगडावर टेकायला गेले, तर शेताचे मालक सोयाबीनमधून धावतच आले.

"ताई, बसू नका त्याच्यावर! लेकरू हाय तिथं."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, आपल्याच बांधाला पुरतात. वर एक दगड. त्याला ना शेंदूर, ना नाव. आई अधूनमधून चुना लावते, तेवढंच.

"मग हद्दीचा दगड कसा ओळखायचा?" मी विचारलं.

"इचारायचं माणसाला. मोबाईलला काय कळतंय?"

साखऱ्याला, कडुनिंबाजवळ, अस्साच एक दगड होता. शेरडं राखणारी एक मावशी तिथं कितीतरी वेळ माझ्याकडे बघत उभी होती. मी तिला एका शब्दानं काही विचारलं नाही. 'हद्दीचा दगड' असं लिहून मोकळी झाले होते. आणि आता माझ्याच रेघेवरून खोदाईचं मशीन चाललं होतं.

मशीनवाल्याला फोन लावला, तो उचलेना. ऑफिसातले साहेब म्हणाले, "थांबवायला सांगतो," पण त्यांचाही फोन तो उचलत नव्हता. मी स्कूटी काढली. औंढा, हिंगोली, सेनगाव. दोन तास मी एकच गोष्ट डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून धडपडत होते आणि तीच येत होती. वाटेत मोबाईल वाजला की वाटायचं, झालं, काहीतरी वर निघालं. दोनदा तर मी गाडी थांबवली आणि फोन न उचलताच पुढे निघाले.

पोचले तेव्हा मशीन बंद होतं. चर बांधाच्या कडेनं सरळ आला होता, कागदावर काढला होता अगदी तसाच. चुना लावलेला दगड मातीच्या ढिगावर उपडा पडला होता आणि मशीनच्या पुढ्यात ती मावशी मांडी घालून बसली होती.

"एकच बकेट मारली, ताई," मशीनवाला वैतागून म्हणाला. "तेवढ्यात ही बाई आडवी आली. काहून आली ते सांगून बी न्हाई राहिली."

"खाली काही निघालं का?" मी विचारलं.

"माती निघाली. दुसरं काय निघणार?"

मी मोबाईल उघडला. माझा ठिपका होता तिथंच होता. त्याच्या चार मीटरांत मी होते, मशीन होतं, नुकताच पडलेला खड्डा होता आणि मातीचा ढीगही होता. लेकरू यात कुठंही असू शकत होतं. ढिगाकडे बघायची मला हिंमत होईना.

मावशी उठली. कडुनिंबाच्या बुडापासून पावलाला पाऊल लावत चालत आली आणि खड्ड्याच्या काठापासून हातभर अलीकडे खाली बसली. न खणलेल्या जमिनीवर तिनं तळहात टेकवला.

"हितं हाय. पोचलं न्हाई मशीन."

भीती उतरली की मला रडू येतं. तसं आलं. मशीनवाल्यानं मशीन मागं घेतलं. मी साहेबांना फोन करून रेघ बांधाच्या पलीकडून न्यायला लावली. मावशी दगड पदरानं पुसत होती.

"मावशी, त्या दिवशीच मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तुमी हितं किती येळ उभ्या व्हत्या. एवढा येळ कुनी थांबत न्हाई त्याच्यापाशी. मला वाटलं, माझ्या लेकराला लिवून घेऊन राहिल्या. घरी जाऊन आमच्या मालकाला बी सांगितलं." ती मोबाईलकडे बघू लागली. "घेतलं व्हतं ना, ताई?"

खरं सांगायला छाती लागते. ती माझी त्याही क्षणी झाली नाही.

"हो मावशी," मी म्हणाले. "घेतलं होतं."