साडूभाऊंचा उपाय

माझ्या साडूभाऊंइतका आपल्याच बायकोला घाबरणारा माणूस अख्ख्या भिलाईत नसेल. ती रागावेल अशी भीती नव्हती, ती समोर येईल अशी भीती होती! लग्नाला बावीस वर्षं झालेली, तरी मेहुणी पदर खोचून पोळ्या लाटायला बसली की यांचं चित्त चळे. प्लांटातला हा मिशाळ, देवभोळा फोरमन वासनेपुढं अगदी लाचार होता. कांदा-लसूण सोडून झाला, जानेवारीत गार पाण्याच्या अंघोळी झाल्या, सतराचा पाढा उलटा म्हणून झाला. एकदा शिफ्टच्या सेफ्टी मीटिंगमध्ये साहेबांनी अचानक विचारलं, "सबसे पहली सावधानी?" साडूभाऊ तंद्रीतच उत्तरले, "दरवाजा लगा लेना!" महिनाभर सगळं खातं त्यांना बघून कडी लावायच्या खुणा करत होतं.

शेवटी त्यांनी सायकल काढली. मन भरकटलं की उठायचं आणि सेक्टर सहाला फेऱ्या मारायच्या. मग मे महिन्याचं ऊन का असेना. एके दिवशी मेहुणी डोळे पुसत आमच्याकडे आली. "भाऊजी, हे रोज दुपारी कुठी जाऊन राहिले? मी जवळ गेली का उठून पळतेत. कोनी बाई तं नाही ना?"

मी स्कूटरवरून त्यांच्या मागं निघालो. गृहस्थ घामानं निथळत एकाच मैदानाला चौथी फेरी घालत होते. थांबवून मेहुणीचा संशय सांगितला, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाप्पा! तिच्याच पायी तं पळून राहिलो मी!"

"मग तिला सांगा ना तसं."

"कसं सांगू जी? दिवसभर राबते ते. थकल्या बाईले आनखी किती तरास द्याचा?"

मी त्यांना घरी नेऊन आत ढकललं. बराच वेळ नुसती कुजबुज ऐकू आली. मग मेहुणीचं खळखळून हसणं, आणि पाठोपाठ, "मले विचाराचं सोडून सायकल कावून हानत होते?" मी चहाची वाट न बघता स्कूटर सुरू केली.

साडूभाऊ आता रिटायर झालेत. परवा गेलो तेव्हा दोघं अंगणात कोवळ्या उन्हात बसले होते. मेहुणीचा खुर्चीतच डोळा लागलेला. मी डोळे मिचकावून विचारलं, "काय म्हणतंय मन?"

त्यांनी तिच्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली.

"आता कुठीच जात नाही ते," ते हळूच म्हणाले. "शांतता पाह्यजे होती मले, भाऊ. पन एवढी नोती मागतली."