बर्फ, सिगारेट आणि माझा गुडघा

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहा आत्ताच ओतून घ्या, कारण मध्येच कुणी उठलं तर मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. ही फजिती दोनदा सांगण्याइतका निर्लज्ज मी अजून झालेलो नाही.

तर मुद्दा असा, की मी जन्मात कधी सिगारेट ओढलेली नाही. बिडी नाही, हुक्का नाही, काही नाही. कॉलेजात मित्रांनी अंगावर बसून आग्रह केला तरी नाही! आणि तरीही दोहातल्या एका दवाखान्यात माझ्या नावाचा एक फॉर्म आहे. त्या फॉर्मनुसार मी रोज दहा ओढणारा अट्टल धूम्रपानी आहे. शिवाय ते आमच्या घराण्यातच आहे.

कसं झालं, ते सांगतो.

मी एसीच्या मोठ्या चिलरचं काम बघतो. वाळवंटात थंडी तयार करायची, हा आमचा धंदा. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपणार होतं आणि पुढचं काही कळत नव्हतं. मुलाची शाळा, ओल्ड एअरपोर्ट भागातला भाड्याचा फ्लॅट, सगळं त्या मार्चवर टांगलेलं. मी मुळात काळजी करणारा माणूस. पंखा जरा कुरकुरला तरी माझी झोप उडते, आणि इथे तर नोकरी कुरकुरत होती.

अशात ऑक्टोबरमध्ये आमच्या मॅनेजरने, खलील साहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

"जानेवारीत एक माणूस फिनलंडला ट्रेनिंगला जाईल. तीन आठवडे. परत आला की त्याचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढणार. तुझं नाव घालतोय. फक्त मेडिकल फिट पाहिजे. आणि स्मोकर नको."

"स्मोकर का नको, सर?"

कारण ऐकून माझे हातपाय गार पडले. गेल्या वर्षी गेलेला फोरमन सिगारेट प्यायला मागच्या दाराने बाहेर पडला. उणे बावीस तापमान, कमरेइतका बर्फ. दार मागे आपोआप लॉक झालं. याच्या अंगात नुसता शर्ट! कुणीतरी पाहिलं म्हणून जीव वाचला, पण दोन बोटं काळी पडली होती.

"मी ओढत नाही, सर!" मी छातीठोकपणे सांगितलं.

त्या दिवसापासून माझी बर्फाची तयारी सुरू झाली. बाहेर अडतीस डिग्री, आणि मी घरात एसी सोळावर लावून, थर्मल घालून, बूट चढवून हॉलमध्ये येरझाऱ्या घालतोय. टाइल्सवर तेल सांडलंय अशी कल्पना करून घसरायचं कसं नाही, याचा सराव करतोय. वैशाली, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची.

"अहो, खालचे शेजारी बेल वाजवून गेले. वर काय चाललंय विचारत होते."

"अगं, तिथे बर्फावर पाय कसा टाकायचा हे आधीच—"

"आणि गुडघ्याचं काय?"

बरोबर बोट ठेवलं बाईने. माझा उजवा गुडघा. दहा वर्षं झाली, थंड हवा लागली की ठणकतो. रात्री तेल लावून चोळल्याशिवाय झोप नाही. मी म्हणालो, मेडिकलला ते सांगायचंच नाही. वैशाली म्हणाली, "वेडेपणा करू नका. तिथे जाऊन पाय धरला तर कोण बघणार तुम्हाला? विचारलं तर खरं सांगायचं. सगळं. काही लपवायचं नाही."

आता मला सांगा, बायकोचं ऐकलं, यात माझं काय चुकलं?

मेडिकलच्या दिवशी मी सकाळपासून घामाघूम. नेहमीची नर्स केरळची, माझ्या ओळखीची. ती नेमकी सुट्टीवर. तिच्या जागी एक नवीन सुदानी सिस्टर. चेहरा प्रेमळ, पण इंग्रजी माझ्या अरबीइतकंच. आणि माझं अरबी म्हणजे यल्ला, खलास, शुक्रन. शिवाय 'फी' म्हणजे आहे आणि 'माफी' म्हणजे नाही. एवढ्यावर इथे आयुष्य निघतं हो!

तिने फॉर्म पुढे ओढला आणि मान वर करून विचारलं, "फी दुखान?"

मी चमकलोच. आम्ही बार्शीकडचे. आमच्याकडे 'ण'चा सरळ 'न' होतो. माझी आई आयुष्यभर "दुखनं, दुखनं" करत आली. म्हटलं, वा! या बाईला मराठी रुग्ण बरेच भेटलेले दिसतात. 'दुखणं आहे?' असं विचारतेय. किती आपुलकी!

बायकोचे शब्द आठवले. लपवायचं नाही. म्हणालो, "फी, सिस्टर. फी."

"कुल्लु यौम? एव्हरी डे?"

"एव्हरी डे. मॉर्निंग, इव्हिनिंग. कोल्ड असेल तर मोअर."

"कम?"

आता 'कम' म्हणजे कमी, हे शेंबडं पोरही सांगेल. मी म्हणालो, "नो कम, सिस्टर! ज्यादा! व्हेरी ज्यादा!"

तिने दोन्ही हातांची बोटं उघडून दाखवली. "अशरा?" अशरा म्हणजे दहा, हे मला बाजारातून माहीत. दहा वर्षं का, असं विचारतेय. केवढी हुशार!

"करेक्ट! अशरा!"

ती भराभर लिहायला लागली. मग तिने घरच्यांबद्दल विचारलं. मी म्हटलं, आता खरं ते सांगूनच टाकू. "फादर, फी. मदर, मोअर दॅन फादर. वाइफ, ओन्ली अॅट नाइट."

"चिल्ड्रन?" तिचा आवाज जरा चिरकलाच.

"वन सन. ट्वेल्व्ह इयर्स. ओन्ली आफ्टर फुटबॉल. लिटल लिटल."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझ्या कुटुंबाची दया आली. हळूच म्हणाली, "यू वाँट स्टॉप?"

"कुणाला नको असतं, सिस्टर! इन्शाल्ला!"

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तर गहिवरून बाहेर पडलो.

संध्याकाळी घरी आलो, तर वैशाली सोफ्यावर बसलेली. टीव्ही बंद. कुकर बंद. समोर तिचा फोन. फॉर्मवर घरचा नंबर म्हणून मी तिचाच दिला होता ना!

"वाचा," ती म्हणाली.

मेसेज होता: उद्या सकाळी नऊ वाजता, धूम्रपान सोडवण्याच्या विभागात यावे. खाली माझं नाव, अगदी आडनावासकट.

"चुकून आला असेल गं!"

"नाव चुकलंय? नंबर चुकलाय?"

एवढ्यात ओंकार खोलीतून बाहेर आला. "बाबा, आर यू अ स्मोकर? वी हॅड अ टॉक इन स्कूल. युअर लंग्ज गो ब्लॅक!"

"अरे, मी कशाला—"

"रोज संध्याकाळी फिरायला जाता," वैशाली म्हणाली, "आणि शर्टाला सिगारेटचा वास येतो. मी सहा महिने गप्प आहे."

आता माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण वास खरा होता! पण कारण वेगळं. डॉक्टरांनी मला साखर बंद सांगितलेली, घरात चहा बिनसाखरेचा. म्हणून मी फिरायच्या नावाखाली कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन तो इथला दाट, गोडमिट्ट करक चहा प्यायचो. तिथे बाजूला चार ड्रायव्हर उभे राहून धूर सोडायचे. धूर त्यांचा, वास माझा.

सांगावं तर साखर पकडली जाते, न सांगावं तर सिगारेट. मी उभ्या उभ्या तोलून पाहिलं आणि साखर निवडली.

"मी करक पितो," मी म्हणालो. "रोज. दोन."

वैशालीने ऐकून घेतलं. मग फोन उचलून बार्शीला लावला आणि स्पीकरवर टाकला. आई पलीकडून कडाडली, "काय रं, बिड्या ओढाय लागलास व्हय तितं? तुझा बाप म्हातारा झाला पर बिडीला शिवला न्हाई!"

"आई, अगं मी न्हाई ओढत!"

"मग तुजी बायकू काय येडी हाय व्हय?"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हे खलील साहेबांना कळलं तर? फिनलंड गेलं, कॉन्ट्रॅक्ट गेलं, मार्चमध्ये सामान बांधायचं. खरंच सांगतो, इतकी भीती मला त्या उणे बावीसचीही वाटली नव्हती.

सकाळी नऊला वैशाली माझ्यासोबत आली. मला आधार द्यायला नव्हे, साक्षीदार म्हणून. डॉक्टर हैदराबादचे निघाले. त्यांनी एक नळी हातात दिली. "फूँको, साब." मी असं फुंकलं, की टेबलावरचे कागद हलले. मशीनवर आकडा आला: एक.

डॉक्टरांनी मशीन झटकून पाहिलं. दुसरी नळी लावली. पुन्हा एक.

"ये तो सिगरेट पीने वाले का नंबर ही नहीं है," ते म्हणाले आणि फॉर्म मोठ्याने वाचायला लागले. "रोज दस. ठंड में ज्यादा. वालिद पीते हैं. वालिदा उनसे भी ज्यादा पीती हैं. बीवी, सिर्फ रात को..."

"काय?" वैशाली खुर्चीतून उठलीच.

"बारह साल का बेटा, फुटबॉल के बाद, थोड़ा थोड़ा."

माझ्या डोक्यात हळूहळू काहीतरी उजाडायला लागलं. मी घाबरत विचारलं, "डॉक्टरसाब, दुखान म्हणजे काय हो?"

"दुखान? धुआँ. सिगरेट."

"आणि कम?"

"कितने."

अहो, इथून तासाभरावर दुखान नावाचं अख्खं गाव आहे! मी दोन वर्षं तिथे रोज ये-जा केली. पाटी रोज वाचली. अर्थ विचारायचं एकदाही सुचलं नाही!

मग मी सगळा उलगडा केला. गुडघा, दहा वर्षं, थंडी, आईचे सांधे, वैशालीची कंबर, ओंकारची पोटरी. डॉक्टर इतके हसले, की बाहेरून ती सुदानी सिस्टर धावत आली. वैशालीही हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा फॉर्म भरले असते.

"फिक्र नको," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "मैं नया फॉर्म बनाता हूँ. एकदम सच्चा."

आणि त्यांनी खरोखरच सगळं खरं लिहिलं. धूम्रपान: कधीही नाही. गुडघेदुखी: दहा वर्षं, रोज, थंडीत वाढते, प्रमाण फार, आईवडिलांनाही हाच त्रास. हे सगळं मीच तर त्यांना जीव तोडून पटवलं होतं! मग त्यांनी माझा गुडघा वाकवून पाहिला, कट्कट् आवाज ऐकला आणि खाली एक ओळ लिहिली: बर्फाळ प्रदेशात कामास अपात्र.

झालं! सिगारेट असती तर निदान सोडता तरी आली असती. गुडघा कसा सोडू?

माझ्या जागी आमच्या वर्कशॉपमधला पांडे गेला. हो, तोच, जो दिवसाला एक पाकीट संपवतो. मी त्याला विचारलं, "पांडेजी, तुम नॉन-स्मोकर कैसे निकले?"

पांडे म्हणाला, "भाई, मुझसे तो सिगरेट का पूछा ही नहीं. सिस्टर ने पूछा, दुकान फी? मैं डर गया. कंपनी में साइड बिजनेस मना है ना! मैंने हाथ जोड़ के बोला, दुकान माफी, सिस्टर! कसम से, दुकान माफी!"

मी खलील साहेबांकडे जाऊन काही बोललो का? नाही बोललो. पांडे परत आल्यावर नव्या कामाला लागणार, म्हणून त्याचं जुनं काम करायला माणूस हवा होता, आणि त्यापायी माझं कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाने वाढलं होतं. फक्त पांडेला विमानतळावर सोडताना दहा वेळा बजावलं, बाबा रे, मागच्या दाराने बाहेर पडू नकोस.

आता मला घरात कुणी "काही दुखतंय का?" असं नुसतं विचारलं, तरी मी आधी दोन पावलं मागे सरकतो आणि विचारतो, "कुठल्या भाषेत?"